सतरा कागद आणि दोन काडतुसं

१

सोमवारी संध्याकाळी मुंबईच्या विमानतळावर दिशाच्या रायफलच्या पेटीत दोन काडतुसं सापडली. मला ते कळलं मंगळवारी सकाळी साडेसातला, चहाचा पहिला घोटही धड घशाखाली उतरला नव्हता तेव्हा.

सांगायला आली कमळा, दिशाची आई, माझी शेजारीण. डोळे सुजलेले, केस तसेच बांधलेले, आणि हातात माझा स्टीलचा डबा. शनिवारी मी त्यातून तिला सुरमईचं कालवण दिलं होतं. डबा ओट्यावर ठेवून ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "ताई, पोरीला विमानात चढूच दिलं नाही." मी उगाच डब्याचं झाकण उघडलं. आत पाचसहा आमसुलं होती. मी झाकण लावलं आणि तिला पाणी दिलं.

मी मथुरा खेडेकर. तेहेतीस वर्षं कस्टममध्ये काढली, त्यातली शेवटची बारा विमानतळावर, लोकांच्या बॅगा उघडण्यात. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले ती शांतपणे राहायला. पण शेजारची एकवीस वर्षांची पोरगी पन्नास मीटरवरून पॉइंट टू टूच्या रायफलने नेम धरते, जर्मनीच्या स्पर्धेसाठी संघात निवडली जाते, आणि आपली रायफल तिकडे न्यायची कशी ते घरात कोणालाच माहीत नसतं, तेव्हा शांतपणा राहतो कुठे?

स्वतःची बंदूक कायद्याने परदेशी नेणं म्हणजे मुलगी सासरी पाठवण्यापेक्षा जास्त कटकट. मूळ परवाना, क्रीडा संघटनेचं पत्र, त्या देशाची परवानगी, विमान कंपनीची परवानगी, रायफल एकीकडे, तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, दुसरीकडे, गोळ्या तिसरीकडे, आणि त्याही मोजून. शेवटी कस्टमचा दाखला. अधिकारी रायफलवरचा नंबर कागदाशी ताडून बघतो आणि लिहून देतो की ही वस्तू इथूनच गेली आहे. तो दाखला नसला तर परत येताना तुमचीच रायफल तुम्ही बाहेरून चोरून आणली असं धरतात. असे सतरा कागद मी चार महिने खपून जमवले होते. फाईल इतकी चोख होती की मला तिचा अभिमान वाटत होता.

आणि त्याच दाखल्यासाठी नंबर बघायला अधिकाऱ्याने पेटी उघडली, आतला फोम उचलला, तर खालच्या खणात बारा बोअरची, म्हणजे शिकारीच्या जाड बंदुकीची, दोन काडतुसं. कुठल्याही कागदावर नोंद नसलेली. रायफल पेटीसकट अडकली, दिशाचा जबाब झाला, संघ पुढे गेला. आता रत्नागिरीच्या परवाना कार्यालयाने गुरुवारी अकराला बोलावलं होतं. काडतुसं कुठून आली ते पटवून दिलं तर रायफल सुटेल आणि शनिवारचं विमान मिळेल. नाही दिलं तर परवाना रद्द, आणि तिच्या जागी राखीव खेळाडू जाईल.

म्हणजे हातात दोन दिवस. मी कमळाला विचारलं की बारा बोअरची बंदूक तुमच्या ओळखीत कोणाकडे आहे. तिने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"आमच्याच घरात," ती म्हणाली. "आप्पाभावोजींची."

२

आप्पा म्हणजे दिशाचे सख्खे चुलते. शहराबाहेर त्यांची आंब्याची बाग आहे आणि माकडं, डुकरं हाकायला शेतीसंरक्षणाची एकनळी बंदूक. दिशाच्या नेमबाजीवर त्यांचा पहिल्यापासून राग. पोरीने बंदूक घेऊन विमानात बसायचं म्हणजे काय, हे त्यांनी सगळ्या आळीला ऐकवलं होतं. मला तर वाटलं, चला, दुपारच्या जेवणाआधी निकाल लागला.

बागेत गेले तर ते झाडाखाली बसून सुतळी सोडवत होते. मी विषय काढला आणि त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला. निवडणुकीमुळे त्यांची बंदूक तीन आठवड्यांपूर्वीच पोलीस ठाण्यात जमा झाली होती. पावतीवर बंदूक, तिचा नंबर आणि शिल्लक नऊ काडतुसं, सगळं शिक्क्यानिशी. परवान्यावरच्या नोंदींशी ताडून पाहिलं तर एकही कमी नाही. पावती त्यांनी खिशातच का ठेवली होती, विचारलं, तर म्हणाले, तुम्ही याल हे माहीतच होतं.

माझा जुना हाताखालचा माणूस निलेश अजून विमानतळावर आहे. त्याने फोनवर पंचनाम्याचे फोटो पाठवले होते. ते मी आप्पांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि खूश झाले.

"ही माझी नव्हेत. माझी लाल प्लास्टिकची. ही कागदी नळीची, माझ्या बापाच्या वेळची. बघा, दमट हवेने फुगलीत, पितळेवर हिरवा चढलाय. आता ही कुठल्या नळीत शिरायची पण नाहीत."

म्हणजे ज्याच्या घरात अजून बंदूक आहे त्याची ती नव्हती. एवढं कळलं आणि माझ्या हातातला एकमेव संशयित गेला. परत येताना रिक्षा दोनदा बंद पडली, त्यात मी रिक्षावाल्यालाही दोन शब्द सुनावले. त्याची काही चूक नव्हती.

घरी आले तर दिशा मुंबईहून पोचलेली. आंघोळ नाही, जेवण नाही, पायरीवर बसलेली. रडत नव्हती. डोळे मात्र असे की समोर कोणी उभं राहू नये.

"मावशी, मला माहीत आहे कोणी केलं ते," ती म्हणाली. "वैष्णवीने. रविवारी पेटी भरायला तीच होती माझ्याबरोबर. राखीव पण तीच आहे."

३

वैष्णवी आणि दिशा सहा वर्षं एका रेंजवर शेजारी शेजारी झोपून नेम धरत आल्या. वैष्णवीचेही कागद मीच केले होते, राखीव म्हणून. मी गेले तेव्हा ती आणि त्यांचे प्रशिक्षक ओमकार सर रेंजवर होते. सरांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सकाळपासून त्यांना संघटनेकडून आलेल्या फोनांची यादी ऐकवली. कामाचं एकच बोलले. नियमाप्रमाणे बोल्ट वेगळ्या पेटीत गेला होता, त्यामुळे मोठ्या पेटीतला बोल्टचा खालचा खण रविवारी कोणी उघडलाच नाही.

मग त्या खणात काडतुसं कधीपासून होती? रविवारी की महिनाभर? सरांनी खांदे उडवले. मला त्यांच्या खांद्यांचा फार राग आला.

वैष्णवीला मी आडूनआडून विचारत होते, पण ती मूर्ख नव्हती. तिने हातातलं जाकीट टेबलावर ठेवलं.

"मला तिला अडकवायचं असतं ना, तर मी तिच्या दोनशे गोळ्यांत एक टाकली असती. दोनशे एक. तिचीच चूक वाटली असती, माझं नावसुद्धा आलं नसतं. बारा बोअरचं काडतूस टाकायला मी काय वेडी आहे? ज्याला बंदुकीतलं काही कळत नाही, त्यानेच ठेवलंय ते."

एवढं बोलून ती रडायला लागली, कारण दिशाने तिचा फोन उचलणं बंद केलं होतं. तिचं बोलणं मला पटलं. तेहेतीस वर्षांत मी लपवलेल्या वस्तू हजारांनी पाहिल्या. लपवणारा कोंबतो, चिंधीत गुंडाळतो, अस्तर फाडून आत सरकवतो. मी फोटो पुन्हा काढला. काडतुसं खणात मधोमध होती, वरच्या फोमने दाबून धरलेली, शेजारी शेजारी, दोन्हींची पितळी बुडं एकाच बाजूला. ही लपवलेली नव्हती. ही कोणीतरी नीट मांडून ठेवली होती.

पण दुष्टावा नाही तर मग काय? आणि ज्याला बंदुकीतलं कळत नाही त्याच्याकडे बंदुकीची काडतुसं कुठून येतील? सगळेजण मला खरं सांगत होते आणि तरी माझ्या हाताला काही लागत नव्हतं, याने माझं डोकं अजूनच फिरलं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी मला वागता येतं, तोच माझा धंदा होता.

घरी येऊन मी फोटो मोठा करून पाहत बसले. काडतुसांभोवती पांढरे बारीक कण होते. निलेशने पंचनाम्यात लिहिलं होतं, फोमचा चुरा. मी पुन्हा फोटो पाहिला. फोम तर काळा होता.

आणखी मोठा केला. एका कणाचं टोक लाल होतं. ते तांदूळ होते, कुंकू लागलेले.

४

बुधवारी सकाळी मी कमळाच्या घरात पूजेची चौकशी करायला गेले. दसऱ्याला रायफलची पूजा झाली होती, पण ती जुन्या पेटीत असताना, आणि आप्पांनी तिकडे पाठ फिरवली होती. सोमवारी निघताना कमळाने दिशाच्या हातावर दही ठेवलं, पेटीला हातही लावला नाही. संपलं. वाट तिथेच खुंटली. उद्या अकरा वाजता मी काय सांगणार होते, कोणीतरी अक्षता टाकल्या म्हणून?

घरी आले. दोन दिवस नीट जेवले नव्हते. भात उरला होता तो काढून ठेवावा म्हणून स्टीलचा डबा उघडला आणि आमसुलं तशीच दिसली.

मी भात हातात घेऊन उभी राहिले. कमळाच्या डोक्यावर आभाळ कोसळलं होतं, पोरीची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात चालली होती, केस विंचरायची शुद्ध नव्हती. तरी तिने माझा डबा रिकामा आणला नव्हता. तिने ठरवून केलं नव्हतं, हातानेच केलं होतं. आपल्याकडे कोणाला डबा द्यायचा तर आत काहीतरी घालून. मीसुद्धा तेच करते आणि इतकी वर्षं कधी मनात नोंदही केली नाही.

मग पेटी? पेटीही कोणीतरी कोणाला दिली असेल तर?

मी तशीच खरकट्या हाताने शेजारी गेले आणि दिशाला विचारलं, ही पेटी कोणाची. ती म्हणाली, "ही? ही गौरवची." मी विचारलं, हे दोन दिवसांत का नाही सांगितलंस. तर म्हणते, तुम्ही विचारलं नाहीत. मी डोक्याला हात लावला.

दिशाच्या जुन्या पेटीच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेने खाल्ल्या होत्या आणि विमान कंपनीला कुलपाची भक्कम पेटी हवी होती. गौरव पूर्वी त्यांच्याच रेंजवर यायचा, नंतर खेळ सोडून मुंबईला नोकरीला गेला. त्याची पेटी दापोलीकडे बुरोंडीला आजीकडे पडून होती. पंधरा दिवसांपूर्वी दिशाचा भाऊ रितेश जाऊन ती घेऊन आला.

रितेश बँकेत असतो. त्याला फोन लावला. आजीचं नाव गोदूबाई, त्याने सांगितलं. तिने सरबत दिलं, पेटी कोणाला हवी, कशाला हवी, सगळं विचारून घेतलं. मग जरा पुसून देते म्हणून पेटी आत घेऊन गेली आणि बऱ्याच वेळाने आणली. मी विचारलं, घरात बंदूक दिसली का. नाही, तो म्हणाला. मग म्हणाला, ओटीवरच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या, आणि त्यांच्यामधला चुना बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा होता. लांबट.

एसटीने गेले असते तर दिवस संपला असता. आप्पा आपण होऊन जीप काढून दारात उभे राहिले. मागचं दार उघडून दिशाला म्हणाले, बस. दिशा बसली. वाटेत तिने वैष्णवीला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण फोन बराच वेळ चालला.

५

बुरोंडीला पोचायला तीन वाजले. गोदूबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, ताठ. रायफलची पेटी नेणाऱ्यांपैकी आम्ही, एवढं सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याआधी त्यांनीच विचारलं.

"पोरगी पोचली का गो परदेशात?"

तेहेतीस वर्षांत मी किती जबाब घेतले असतील. त्या वेळी मला पहिला प्रश्न सुचेना. दिशाच पुढे झाली, तीच ती पोरगी म्हणून सांगितलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. काडतुसांचं नाव आलं तसं गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला.

नवरा गंगाराम बागेत माकडं हाकायचा. तो अकरा वर्षांपूर्वी गेला. बंदूक सरकारजमा झाली. दोन काडतुसं कपाटात मागे पडली होती, ती मागाहून सापडली. कोणी मागितली नाहीत, यांनी दिली नाहीत. मी विचारलं, पेटीत का ठेवलीत. त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला.

"रिकामी पेटी कशी देऊ बाय? परक्याचं पोर घेऊन चाललाय, बंदुकीची पेटी. तांदूळ घातले. पण बंदुकीच्या पेटीत बंदुकीचा कायतरी नको? ह्यांची तेवढीच खूण उरली होती घरात. म्हटला, पोरीच्या शकुनाला जाऊंदे."

सगळं कोडं सुटलं होतं आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही. कारण यांनी उद्या हे बोलून दाखवलं तर दिशा सुटणार होती, आणि अकरा वर्षं बिनपरवाना काडतुसं घरात ठेवली म्हणून यांच्यावर गुन्हा नोंदला जाणार होता. कायदा मला पाठ आहे. त्यात आजी, शकुन आणि अक्षता यांच्यासाठी कलम नाही. मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. न सांगता जबाब घेतला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

दिशा माझ्याकडे वळली. "मावशी, राहू दे. यांचं नाव नका सांगू. मी नाही जात." ती मनापासून बोलत होती. आप्पा तोंड फिरवून जीपकडे बघत राहिले.

गोदूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, घाबरल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा अंगावर चांगलं लुगडं होतं आणि हातात पिशवी. दाराला कडी घालत म्हणाल्या, "मी ठेवली, मीच सांगतंय. चला, काळोखाच्या आधी पोचूंदे."

६

गुरुवारी अकरा वाजता आम्ही सहाजण त्या कार्यालयात होतो, वैष्णवी धरून. बाराला आत बोलावलं. अधिकाऱ्याने माझी फाईल पाहिली, सतरा कागद उलटले आणि विचारलं की काडतुसं मुद्दाम ठेवली नाहीत कशावरून. मी फोटो पुढे केला आणि क्रमाने सांगितलं. फुगलेली काडतुसं, म्हणजे बंदूक नसलेलं घर. बारा बोअर, म्हणजे जाणकार शत्रू नव्हे. नीट मांडलेली, म्हणजे लपवलेली नव्हेत. तांदूळ, म्हणजे दिलेली. आणि पेटी पंधरा दिवसांपूर्वी कोणी दिली, त्या इथे बसल्या आहेत.

गोदूबाईंनी जबाब दिला, अंगठा न लावता सही केली, आणि निघताना पिशवीतून मूठभर काजूगर काढून त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने ते परत केले, नियमाप्रमाणे. पण दिशाच्या कागदावर सही केली. मुंबईला पत्र गेलं, शुक्रवारी संध्याकाळी रायफल सुटली, शनिवारी दिशा गेली. गोदूबाईंवर गुन्हा नोंदला गेला. मी ओळखीचे सगळे फोन केले, अर्ज लिहिले, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. सगळे म्हणाले, मॅडम, केस किरकोळ आहे, निकालात निघेल. कधी, ते कोणी सांगत नाही.

दिशा सतरावी आली. परत येताना माझ्या त्या दाखल्यामुळे कस्टमने तिला पाच मिनिटांत सोडलं. मला पदकाइतका आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता. माझ्या मनात एकच सलत होतं. बारा वर्षं विमानतळावर मी एकही बॅग न उघडता सोडली नाही, आणि ही एक पेटी शेजारच्या पोरीची म्हणून उघडली नाही. रविवारी तो फोम मी उचलला असता, तर काडतुसं ठाण्यात नेऊन दिली असती आणि गोदूबाई आज आपल्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या असत्या.

दिशाने आधी जिंकलेल्या बक्षिसांतून स्वतःची नवी पेटी घेतली आहे. गौरवची आज परत द्यायची. गोदूबाईंची दापोलीच्या कोर्टात आज तारीख आहे, चौथी. आप्पांची जीप सहालाच दारात लागली. दिशाने पेटी आणून ठेवली आणि मी तिला वाकून कुलूप काढायला लावलं. तिने उघडून दिली. मी फोम उचलला.

खालच्या खणात मधोमध तिच्या स्पर्धेचा पाठीवर लावायचा नंबर होता, नीट घडी घातलेला, चारही टाचण्यांसकट. वर पाचसात तांदूळ.

मी फोम होता तसा लावला आणि पेटी जीपमध्ये ठेवली.